सही साहेबांची, काम दुसऱ्याचे

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने गाड्या रवाना करण्याचे काम नव्या संगणक यंत्रणेवर सोपवले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यातले बरेचसे पुन्हा माणसांच्या हाती द्यावे लागले. ४ नोव्हेंबरच्या पहाटे तर यंत्रणा बंदच पडली. ते झाले प्रोग्रॅममधल्या चुकीने. त्याचा जाब टेस्टिंगवाल्यांना विचारावा. बिझनेस अॅनालिस्टने अभ्यासावेत ते पहिले दोन दिवस.

कोणती गाडी कुठे आहे, मोकळी आहे की नाही, हे संगणकाला सतत अचूक कळत राहील, असे गृहीत धरलेले होते. प्रत्यक्षात घाईगर्दीत कर्मचाऱ्यांचे गाडीची स्थिती कळवणारे बटण दाबायचे राहून जाई, क्रम चुके, कधी नेमून दिलेली सोडून ते दुसरीच गाडी घेऊन निघत. कागदी चिठ्ठ्यांच्या काळात नियंत्रण कक्षातली अनुभवी माणसे असले घोळ सांभाळून घेत. संगणकाला ते जमेना. इशाऱ्याचे संदेश साचत गेले आणि पडद्यावरून वर सरकून दिसेनासे झाले. गरजांचा दस्तऐवज तयार करताना रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांचा सहभाग फारच थोडा होता, असे १९९३ च्या चौकशी अहवालात नोंदलेले आहे.

आजही अशा गरजांच्या दस्तऐवजावर, म्हणजे एसआरएसवर, सही करतो एक आणि सॉफ्टवेअर वापरतो दुसराच. हिंजवडीत बसून परदेशी क्लायंटच्या मॅनेजरशी कॉलवर बोलणाऱ्याला तर त्या दुसऱ्याचा चेहराही दिसत नाही. मॅनेजर प्रामाणिकपणेच सांगतो, पण काम कसे व्हायला हवे ते सांगतो. म्हणून ‘तुम्हाला काय हवंय?’ या प्रश्नावर आमचा फारसा विश्वास नाही. ‘काल शेवटचं काम कसं केलंत, तेवढं करून दाखवा’ म्हणावे आणि गप्प बसून पाहावे. रजिस्टरच्या समासात पेन्सिलने काय लिहिले आहे, कुणी न सांगता कोणती एक्सेल शीट वर्षानुवर्षे चालू आहे, नेट गेले की नोंदी कशावर होतात? नियमात न बसणाऱ्या या कामातच बऱ्याचदा खरी रिक्वायरमेंट सापडते. त्यामानाने यूएमएलच्या आकृत्या, युजर स्टोरीचा साचा आठवडाभरात शिकता येतो (मुलाखतीत मात्र तेच विचारतात!).

तेव्हा वाचकहो, पुढच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वापरणाऱ्यांशेजारी बसण्याचे दिवस वेगळे दाखवा. क्लायंटने त्यांना कात्री लावली, तर कुणीही प्रत्यक्ष न पाहिलेल्या गृहीतकांची यादी दस्तऐवजात सहीच्या जागेच्या बरोबर वर छापा.