डबल बेल

आमच्या आपाचा मुलगा रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून निघाला की घरातल्या सगळ्यांना कळतं, स्वारी मध्यवर्ती बस स्थानकावर चालली. या वयातली पोरं कबुतरं पाळतात, फुटबॉलच्या पेठा-तालमीत रमतात. याला बसचं वेड. डोळे मिटून नुसत्या इंजिनच्या आवाजावरून टाटाची गाडी की लेलँडची, हे सांगतो. एस.टी.ची बॉडी दापोडीच्या कार्यशाळेत बांधली, चिकलठाण्याच्या की नागपूरच्या, यावर मित्रांशी तास-तास हुज्जत घालतो. आम्ही हसायचो. पण परवा जेवताना घास हातात तसाच धरून तो म्हणाला, "मामू, जुन्या गाड्या सगळ्या भंगारात चालल्यात," तेव्हा हसू आलं नाही.

कारण साधं आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. एस.टी. आणि महापालिकांच्या बसगाड्याही त्यात आल्या. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबलडेकर धावली. १९३७ साली सुरू झालेली ही गाडी. नव्वदच्या दशकात अशा नऊशेच्या आसपास होत्या म्हणे. अंधेरीत त्या दिवशी पोरांनी तिला फुलांचे हार घातले. भाच्याने ते व्हिडिओ इतक्यांदा पाहिले की त्याच्या अम्मीने शेवटी मोबाईलच काढून घेतला.

आता विजेच्या बस येतायत, म्हणून तो अर्धा खूश, अर्धा नाराज. त्याला वाटत होतं, विजेवर चालणारी बस म्हणजे एकदम नवी गोष्ट. आम्ही म्हटलं, बेटा, मुंबईत ती तुझ्या नानाच्या तरुणपणीच धावून गेली. ११ जून १९६२ ला गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस सुरू झाली. ट्राम रुळावर चालते, म्हणून वरून एका तारेतून आलेली वीज खालच्या रुळातून परत जाते. ट्रॉलीबसला रबरी टायर, खाली रूळ नाही, त्यामुळे डोक्यावर तारा दोन आणि टपावर दांडे दोन. वळणावर दांडा तारेवरून निसटला की गाडी जागच्या जागी उभी! मग कर्मचाऱ्याने खाली उतरून तो परत तारेला लावायचा, मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायचे. मुंबईची ट्राम १९६४ ला गेली, ट्रॉलीबस १९७१ ला. आजची इलेक्ट्रिक बस आपली वीज बॅटरीत भरून स्वतःच वाहून नेते, एवढाच काय तो फरक. एस.टी.नेही आठवण बरी ठेवली. १ जून १९४८ ला पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला गेली होती, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, तिकीट अडीच रुपये. २०२२ च्या १ जूनला इलेक्ट्रिक 'शिवाई' सोडली ती त्याच रस्त्यावर.

हे सगळं आम्ही रंगात येऊन सांगत होतो आणि फुफी कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. (आमच्या मरहूम अब्बांच्या त्या थोरल्या बहीण, पण लहान-थोर सगळं घर त्यांना फुफीच म्हणतं.) मान वर न करता त्या म्हणाल्या, "फोटो कसले काढतोस गाडीचे? गाडीत बसायचं असतं."

फुफाजी गेले तेव्हा फुफी बत्तीस वर्षांच्या होत्या. पदरात तीन मुलं. घरात एक शिलाई मशीन. नात्यातल्या कुणी म्हटलं, माल आम्ही पोचवू, तुम्ही घरी बसून शिवा. पोचवणाऱ्याने दोनदा पैसे उशिरा आणले, तिसऱ्यांदा कमी आणले. मग फुफींनी बुरखा चढवला, परकरांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि शहर बसने गांधीनगरच्या बाजारात स्वतः गेल्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेली ती कापडाची पेठ. त्याआधी महायुद्धात तिथल्या वळिवडे छावणीत पोलंडची माणसं राहून गेली. घर उठून आलेल्यांच्या त्या गावात एकट्या बाईला कुणी नवलाने बघितलं नाही, असं फुफी सांगतात. व्यापारी मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा. अठरा वर्षं त्यांनी ती वाट केली.

ड्रायव्हरशेजारच्या जागेत गाठोडं ठेवायला कंडक्टर कधी नाही म्हणाला नाही. एकदा रमजानमध्ये गाडी तावडे हॉटेलजवळ बंद पडली, मगरीब झाली, तर त्याच कंडक्टरने आपल्या डब्यातलं केळं आणि पाण्याची बाटली पुढे केली. तो माळकरी होता.

भाच्याने वही उघडली. थांबे विचारले. फुफींनी बोटं मोडत सांगितले: शिवाजी चौक, सीबीएस, दाभोळकर कॉर्नर, कावळा नाका, तावडे हॉटेल, गांधीनगर. "कावळा नाका म्हणजे आत्ताचा ताराराणी चौक ना?" त्याने विचारलं. "तुझा चौक असेल. आमचा नाकाच."

तो विचारत गेला, दोरीची घंटी कशी वाजायची, एक टोल थांबायला आणि दोन निघायला, चिमट्याने तिकीट कसं टोचायचे. फुफी सांगत गेल्या, पण जुन्या गाडीचं गुणगान त्यांच्या तोंडून निघेना. "त्या तीन उंच पायऱ्या! गाठोडं घेऊन चढता-चढता गुडघे गेले माझे. धुराने खोकला लागायचा तो वेगळाच. जाऊ देत भंगारात." जरा थांबून म्हणाल्या, "पण तिच्या जागी दुसरी येऊ दे म्हणावं. आता मला बाजारात जायचं तर कुणाच्या तरी स्कूटरला वेळ असावा लागतो."

आम्ही गप्प बसलो. ती स्कूटर आमचीच आहे.

भाच्याने आपल्या संग्रहासाठी एखादं जुनं तिकीट मागितलं. फुफींनी मशीनचा खण ओढला. बॉबिन, खडू, सुयांच्या पुड्या, आणि तळाशी पातळ कागदाचं एक तिकीट, मागे पेनने लिहिलेलं: ६०. सुटे नव्हते म्हणून कंडक्टरने साठ पैसे बाकी लिहून दिली होती. उतरताना गर्दीत घ्यायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर दुसराच होता.

"हे देऊ नका फुफी, यावर तुमचे पैसे बाकी आहेत," भाचा म्हणाला.

"ते मी तेव्हाच माफ केले. कुणाच्या मानेवर कशाला ठेवायचे?" त्यांनी तिकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. "ने. पण येत्या जुम्माच्या आधी मला एकदा गांधीनगरला घेऊन चल. स्कूटरवर नको, बसने. खालच्या पायरीची नवी गाडी असेल त्याच वेळेची बघ."

आता तो वेळापत्रक शोधतो आहे.