साठीनंतरचं माळरान

निवृत्तीनंतर कुत्रा सोबत घेऊन तित्तर-लाव्याच्या शिकारीला सुरुवात करणारे लोक परदेशात पुष्कळ आहेत. आपल्याकडे तो रस्ता बंद आहे. 1972च्या वन्यजीव कायद्यात परवाना काढून शिकार करता येत असे. 1991च्या दुरुस्तीने तीही सोय गेली. बरं झालं! पण पहाटे उठून माळ तुडवण्याची त्या माणसांची हौस मात्र उसनी घ्यावी अशी आहे.

शिरूरला घोडनदीच्या वरचे माळ घ्या, किंवा दौंडमध्ये चौफुल्यावरून सुप्याकडे वळा. पुढे बारामतीच्या हद्दीत मयूरेश्वर अभयारण्य लागतं. तित्तर आधी ऐकू येतो, मग दिसतो, आणि उडण्यापेक्षा पळणं पसंत करतो. लावा पायाशी येईपर्यंत दम धरतो आणि असा फर्रकन उडतो की साठीतल्या माणसाच्या काळजात लक्कन होतं. पखुर्ड्या ऊन चढू लागलं की पाण्यावर येतात. त्यासाठी पळावं लागत नाही, बसावं लागतं. या वयात ते जमतं.

कुत्रा घरीच ठेवा. हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि मोकाट कुत्र्यांनी माळावर आधीच पुरेसा उच्छाद मांडलाय.

पक्षितज्ज्ञ सालिम अलींची सुरुवातही लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली होती. आपल्याला दुर्बीण पुरे. या अंकात ती कशी निवडावी, हे पान उलटताच सापडेल.