आधी पडदा, मग कान

'अहो सर, संगीत काय फूटपट्टीने मोजायचे असते का?'

गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मला इतक्यांदा ऐकवण्यात आले आहे, की बोलणाऱ्याने तोंड उघडताच पुढची टाळी मला आधी ऐकू येते. या वाक्याला टाळी मिळतेच. बोलणारा रसिक ठरतो आणि ज्याला उद्देशून ते बोलले जाते तो गणिताचा रूक्ष मास्तर ठरतो. (वास्तविक माझी एम.ए. ची पदवी मराठीतली. गणित मी घेतो ते कोणी शिक्षक रजेवर असले तर!) टाळ्या थांबल्या असतील तर आता माझेही चार शब्द ऐकावेत, एवढीच वाचकांना विनंती.

प्रसंग साधा आहे. आमच्या सीमाभागातील एका गावच्या संगीत मंडळाने वाचनालयाच्या माडीवर श्रवणकक्ष करायचे ठरवले. एका दिवंगत सभासदांच्या घरून जुन्या मैफलींच्या ध्वनिफिती मिळाल्या होत्या. त्या कपाटात कुजण्याऐवजी चार माणसांनी बसून ऐकाव्यात, हा हेतू. वर्गणी जमली. तिच्यातला मोठा वाटा पेन्शनीवर दिवस काढणाऱ्यांचा होता, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या सगळ्या वादात हीच गोष्ट कोणी बोलत नव्हते. खोली सोळा फूट लांब, बारा फूट रुंद. तेथे पुरुषभर उंचीचे स्पीकर शोभणार नाहीत, म्हणून 'बुकशेल्फ' म्हणतात त्या जातीची छोटी जोडी घ्यावी यावर एकमत झाले. एकमत तेथेच संपले.

कार्यकारिणीतील तीन मंडळी शहरातल्या दुकानात गेली, पाच मिनिटे ऐकून आली आणि एका महागड्या परदेशी जोडीच्या प्रेमात पडली. अक्रोडाच्या लाकडाची चकचकीत पेटी, पितळी पाय. दुकानदाराने ती चार दिवस ऐकायला म्हणून दिलीही. मी एवढेच म्हणालो, की आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडे, जो ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करतो, जवळजवळ चौथाई किमतीची साधी काळी जोडी आहे. दोन्ही पडद्याआड ठेवू, आवाज सारखा करू, आणि कोणती कोणती ते न सांगता ऐकू. यावर जे मोहोळ उठले! आमचे एक ज्येष्ठ रसिक म्हणाले, 'चाळीस वर्षे गाणे ऐकलेल्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधणार तुम्ही?' मी म्हटले, 'काका, पट्टी डोळ्यांवर. कान मोकळेच ठेवायचे आहेत.' तेव्हापासून आमचे बोलणे जेमतेमच आहे.

आता 'मोजणे म्हणजे कलेचा अपमान' या मुद्द्याकडे येतो. हा अपमान पहिल्यांदा मी केलेला नाही. येथून दोन तासांवर मिरज आहे. त्या परिसरात, शतकापूर्वी, कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर आपल्या स्वरांची आंदोलने मोजत होते. बावीस श्रुतींवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. आणि या कामी त्यांना साथ कोणाची होती? खुद्द खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची. किराणा घराण्याच्या त्या स्वरसम्राटाला मोजपट्टीची अडचण वाटली नाही. देवलांचे निष्कर्ष पंडित भातखंडे यांना मान्य नव्हते, वाद झाला. पण तो वाद माप बरोबर की चूक याचा होता. पुढे १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर निबंध लिहिला. घोडीच्या वक्र पाठीमुळे आणि खालच्या दोऱ्यामुळे तारेतून असे उपस्वर कसे निघतात, जे नेहमीच्या नियमाने निघायलाच नकोत, हे त्यांनी दाखवले. जवारीचे कोडे थोडे उलगडले म्हणून तंबोऱ्याची गोडी एका गुंजेनेही कमी झाली काय?

दुसरा दाखला खास छोट्या स्पीकरांचा. आमच्या 'कान'पंथीयांचे एक दैवत आहे, बीबीसीचा एलएस ३/५ ए. बारा इंच उंच, साडेसात इंच रुंद, बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी पेटी. बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मोठा स्पीकर मावत नाही, म्हणून १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी तो घडवला. मानवी आवाज तो असा काही काढतो, की लोक आजही त्याच्या जुन्या जोड्यांसाठी मोठी रक्कम मोजतात. 'याचे रहस्य कोणत्याही आलेखात सापडणार नाही' असे त्याच्याविषयी मोठ्या भक्तिभावाने सांगितले जाते. महाराज, तो आलेखातूनच जन्मला आहे! १९७६ चा बीबीसीचा अहवाल हार्वुड, व्हॅटन आणि मिल्स या तिघांच्या नावाने उपलब्ध आहे. पातळ बर्च प्लायवूडच्या भिंती कंप पावतात, तर त्यांना आतून डांबरी थर द्या. ट्वीटरचा आवाज कडेवर आपटून विखुरतो, तर त्याच्याभोवती फेल्टच्या पट्ट्या लावा. यातले काही साक्षात्काराने सुचलेले नाही. मोजले, ऐकले, पुन्हा मोजले. आणि त्याचे दोषही मोजलेले आहेत. शंभर हर्ट्झच्या थोडे वर त्याला जरा फुगवटा आहे, ज्यामुळे छोटी पेटी मोठी भासते, आणि ऐंशीच्या खाली तो हळूहळू हात टेकतो. एका वॅटला एका मीटरवर त्याचा आवाज सुमारे ८३ डेसिबल, म्हणजे तो चांगलाच आळशी.

येथे कोणी म्हणेल, ऐंशीच्या खाली हात टेकणारा स्पीकर तंबोरा काय वाजवणार? काळी एकच्या गायकाची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर बोलते. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर मोठे गोड आहे. तंबोऱ्याच्या तारेत मूळ आंदोलनापेक्षा उपस्वरांचाच बाजार मोठा असतो, आणि त्या उपस्वरांच्या अंतरावरून आपला मेंदू खालचा षड्ज स्वतःच जुळवून घेतो. टेलिफोनची जुनी तार तीनशे हर्ट्झच्या खालचे काही पाठवत नसे, तरी वडिलांचा भारदस्त आवाज भारदस्तच ऐकू येई, त्यातलाच हा प्रकार. पोकळ घुमारा वाढवून खर्ज 'दाखवणाऱ्या' स्पीकरपेक्षा उपस्वर स्वच्छ ठेवणारा छोटा स्पीकर तंबोऱ्याशी अधिक इमानी असतो. हे मला कानाने आधी कळले, कारण मागाहून.

आता पडद्याविषयी. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे लोकांना पडद्याआडून स्पीकर ऐकवले आणि तेच स्पीकर निःशब्द कक्षात मोजले. १९८६ साली त्याने निष्कर्ष छापले. नाव दिसत नसले की बहुतेकांना तोच स्पीकर आवडतो, ज्याचा आलेख सपाट आणि समोरून-बाजूने सारखा असतो. पुढे तो हरमन कंपनीत गेला. तेथे १९९४ साली त्याने आणि शॉन ऑलिव्हने त्याच कंपनीतील चाळीस माणसांना चार स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा झाकून, एकदा उघडे. झाकलेले असताना एक छोटा, स्वस्त संच मोठ्यांच्या पंक्तीला बसत होता. पडदा काढताच त्याचे गुण घसरले. त्याहून मौज म्हणजे, जागा बदलल्याने किंवा गाणे बदलल्याने आवाजात पडणारा फरक डोळे उघडे असताना लोकांना नीट जाणवेनासा झाला. म्हणजे डोळा कानाला नुसता फसवत नाही, तो त्याला अर्धवट बहिरा करतो.

ऑलिव्हचे २००४ सालचे काम तर थेट आपल्या विषयाचे. एका अमेरिकन ग्राहक मासिकाने गुण दिलेले तेरा बुकशेल्फ स्पीकर त्याने घेतले. प्रत्येकाची चहूबाजूंनी सत्तर मापे घेतली आणि त्यांवरून श्रोत्यांची आवड वर्तवणारे सूत्र बसवले. सूत्र आणि प्रत्यक्ष पसंती यांचा मेळ ०.९९५, जेथे १ म्हणजे तंतोतंत. नाना जातींचे सत्तर स्पीकर घेतल्यावर तो ०.८६ वर आला, हेही त्याने लपवले नाही. मासिकाचे गुणही मोजूनच दिलेले होते, पण चुकीचे मोजून. श्रोत्यांच्या पसंतीशी त्यांचा जवळजवळ काही संबंध नव्हता. हा धडा आम्हा मापवाल्यांनाही आहे. आणि 'चाळीस वर्षांचा कान' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. २००३ च्या चाचणीत २६८ श्रोते होते, त्यांत तरबेज केवळ बारा. नवख्यांनी आणि तरबेजांनी लावलेला क्रम एकच निघाला. तरबेज फक्त गुण देताना कंजूष आणि ठाम होते. शाळेत परीक्षकाचे तसेच असते.

मंडळाने नाही म्हटले, तरी रविवारी सकाळी अकरा माणसे माझ्या शाळेत आली. नाटकाचा मखमली पडदा चालत नाही, तो वरचे सूर खातो, म्हणून शिवणाच्या बाईंनी काळ्या जाळीच्या कापडाचा पडदा शिवून दिला. माजी विद्यार्थ्याने मायक्रोफोन लावून दोन्ही जोड्यांचा आवाज अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवला. हे अत्यावश्यक, कारण एका डेसिबलने मोठा असलेला स्पीकर माणसाला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. अर्ध्यात जोड्यांच्या जागा बदलल्या. तीन ध्वनिमुद्रणे, एक जुन्या तबकडीवरचे. उघड्यावर अकरांपैकी नऊ जणांनी अक्रोडाच्या पेटीला कौल दिला. पडद्याआड आठ जणांनी काळ्या जोडीला. मागाहून मोजले तेव्हा कारण दिसले. महाग जोडीला शंभर हर्ट्झपाशी पाच डेसिबलचा उंचवटा आणि आठ हजारांच्या वर चढती कमान. दुकानात पाच मिनिटे हेच 'घुमारेदार आणि झळाळते' वाटते. जुन्या तबकडीवर तीच झळाळी खरखर होऊन कानात टोचते.

अकरा माणसांचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे. आणि माझीही फजिती सांगतो. उघड्यावर मी तिन्ही वेळा काळी जोडी निवडली, अगदी छाती पुढे काढून, कारण तिचा आलेख मी आधी पाहिला होता. पडद्याआड तबल्याच्या तुकड्याला मी डग्ग्याच्या त्या फुगीर घुमाऱ्यावर भाळलो आणि अक्रोडाला मत देऊन बसलो. विद्यार्थी हसला. हसू दे. लाकडाचा मोह त्यांना, आलेखाचा मोह मला. दोघांनाही औषध तेच, एक वार जाळीचे कापड.

दुकानातल्या छापील आकड्यांविषयी फार लिहीत नाही. कानाच्या नावाने चालते ती भोंदूगिरी, तशी मापाच्या नावानेही चालते. छोट्या अडॅप्टरवर चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीवर 'हजार वॅट पीएमपीओ' हे आपण सर्वांनी पाहिले आहे. '५० ते २०,००० हर्ट्झ' असे छापतात आणि किती डेसिबलच्या फरकात ते छापत नाहीत. उपस्थिती ५० ते १०० टक्के, असे प्रगतिपुस्तकावर लिहिण्यासारखेच ते.

एक गोष्ट मात्र ना पाश्चात्त्य मापक सांगतो ना आमचे रसिक. त्यांची मापे खुर्चीत बसलेल्या माणसासाठी आहेत. आपण सतरंजीवर बसतो. बैठकीतल्या माणसाचा कान जमिनीपासून अडीच फुटांवर, आणि मंडळाने स्पीकर ठेवले ते पाच फूट उंच कपाटावर. आठ फुटांवरून हा कोन सतरा अंशांचा होतो. वूफर आणि ट्वीटर यांच्यात सहा इंच अंतर असेल, तर त्या कोनातून दोघांच्या वाटेत साडेचार सेंटीमीटरचा फरक पडतो. तीन हजार हर्ट्झची लहर साडेअकरा सेंटीमीटरची. जेथे एक थांबतो आणि दुसरा सुरू होतो, नेमके तेथेच दोघे एकमेकांचा आवाज खातात, आणि गायकाची व्यंजने पुसट होतात. दोष पेटीचा नाही, कपाटाचा. आणि खोलीचा गुणाकार वेगळाच. सोळा फूट लांबीत ७० हर्ट्झची उभी लहर बसते, म्हणजे जवळजवळ काळी एकचा खर्ज. भिंतीला टेकून बसलेल्याला तो दणकतो, भिंतीपासून चार फुटांवर बसलेल्याला तो गायब. अध्यक्ष भिंतीला टेकून बसतात, म्हणून त्यांना 'बेस' भरपूर वाटतो.

हे सांगायला गेलो तेव्हा महाग जोडी घ्यायचा ठराव झाला होता. पैसे गेले. त्याबद्दल आता हट्ट नाही. पण ती जोडी अजून कपाटावर आहे. तिला कपाटावरून उतरवून अडीच फुटी स्टुलावर, भिंतीपासून हातभर पुढे ठेवायला एक पैसा लागत नाही, हे मी तीन सभांत सांगितले. तिसऱ्या सभेत ते इतिवृत्तात आले, 'मुख्याध्यापकांनी फर्निचरविषयी सूचना केली' असे.

जाळीचा पडदा मी धुऊन शाळेच्या नाट्यसाहित्याच्या पेटीत ठेवला आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा हॉल मोकळा असतो. काका आले, तर त्यांच्यासाठी खुर्ची मांडतो, आणि त्यांच्या कानाची उंची मोजून स्पीकर ठेवतो.