किल्ल्याला राखणदार हवा, तोही शिकलेला

आजच्या धाग्यात लढाई थोडी आणि राखण जास्त आहे. परीक्षा संपत आल्या की 'सुट्टीत गडसंवर्धनाला कुठे जाता येईल?' असे विचारणारे निरोप येऊ लागतात. हा धागा त्यांचे उत्तर आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. पालघरच्या किनाऱ्यावरील कोटांना आणखी एका स्वच्छता मोहिमेपेक्षा शिकवून तयार केलेल्या आणि मानधन घेणाऱ्या राखणदारांची अधिक गरज आहे, आणि ते घडवायला उन्हाळ्याच्या सुट्टीसारखा काळ नाही.

हे मत एका चुकीतून बनले. काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जण याच किनाऱ्यावरील एका कोटावर श्रमदानाला गेलो होतो. बुरुजाच्या सांध्यात पिंपळ रुजला होता, खोड मनगटाएवढे झाले होते. दोर बांधून आम्ही तो उपटला. टाळ्या वाजल्या, छायाचित्रे निघाली. मुळांबरोबर आतला चुनाही निघून आला आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो तेव्हा त्या जागचे चार-पाच दगड खाली पडले होते आणि त्यांच्यावरची रांग सुटली होती. पिंपळाला जे करायला वीस वर्षे लागली असती, ते आम्ही एका सकाळी केले. असे झाड उपटायचे नसते. ते दगडालगत कापून मूळ सावकाश मरू द्यायचे असते, आणि मग मोकळी झालेली भेग जाणकाराच्या देखरेखीखाली चुन्याने भरायची असते. हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. खरे तर आम्ही कोणाला विचारलेही नव्हते.

विचारायला फार दूर जावे लागले नसते. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपण सारेच उद्धृत करतो, पण बहुधा त्यातील दुर्गांचे माहात्म्य सांगणारा भागच. त्याच प्रकरणात अमात्य एखाद्या गृहस्थाने घराची काळजी घ्यावी तशा बारीकसारीक सूचना देतात. तटावर उगवणारी झाडे वरचेवर कापून काढावीत, तटाखालचे गवत जाळून गड न्हाणावा, असे त्यांचे सांगणे आहे. 'गड न्हाणणे' हा शब्दप्रयोग मला फार आवडतो, लेकरू न्हाणावे तसा गड. यातला 'वरचेवर' हा शब्द महत्त्वाचा. पिंपळाचे रोप बोटभर असताना काढले तर दगड हलत नाही, आणि बोटभर असताना ते रोज तटावरून फिरणाऱ्या माणसालाच दिसते. आम्ही वर्षातून एकदा जाणारे. आम्हांला ते मनगटाएवढे झाल्यावर दिसले.

रोज फिरणाऱ्या माणसांची ही व्यवस्था मराठ्यांच्या राज्यात तपशिलाने बांधलेली होती. गडावर हवालदार, सरनौबत, सबनीस आणि कारखानीस असत. एकाच्या हाती सारे राहू नये म्हणून कामे वाटलेली असत आणि ठरावीक काळाने बदल्या होत. गडाखाली घेरा, घेऱ्यात मेटे, आणि मेटांवर पहाऱ्याला रामोशी, बेरड, महार, कोळी अशा स्थानिक जमातींतील माणसे. वाटा, पाणी, रान आणि चोरवाटा हे त्यांचे ज्ञान होते. बापाकडून मुलाकडे आलेले ते शिक्षणच होते, फक्त त्याला कोणी प्रशिक्षण म्हणत नव्हते.

आणि हे काम फुकट नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. आज आपण गडसेवेला भक्तीच्या भाषेत इतके गुंडाळले आहे की मोबदल्याचे नाव काढले तरी विटाळ झाल्यासारखे वाटते. गडकऱ्यांना सेवेबद्दल जमिनी असत. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात सामानगड आणि भुदरगड येथे गडकऱ्यांनी उठाव केला. त्याच्या मुळाशी, इंग्रजांच्या वर्चस्वाखालच्या कारभाराने त्यांच्या जमिनी आणि सेवा यांच्या व्यवस्थेला हात घातला, हे मोठे कारण होते. गडावर प्रेम होतेच, पण त्या प्रेमाखाली भाकरीची सोय होती.

आपल्या किनाऱ्यावर ही साखळी कशी तुटली, त्याचा एक पुरावा इंग्रजांनीच ठेवला आहे. १८१८ साली पेशवाई बुडताच कॅप्टन डिकिन्सन या अधिकाऱ्याने ठाणे जिल्ह्यातील किल्ल्यांची पाहणी केली. आजचा पालघर त्या ठाणे जिल्ह्यातच होता, तो वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. डिकिन्सनच्या निरीक्षणांचे उल्लेख १८८२ च्या ठाणे गॅझेटियरच्या चौदाव्या खंडात किल्ल्यामागून किल्ल्याला येतात. तट किती उंच, पाणी किती, डागडुजी करावी की पडू द्यावे, हे सगळे तो लष्करी इंजिनियराच्या डोळ्याने पाहतो. बारकाई वाखाणण्यासारखी आहे, परंतु तेथे राहणाऱ्या माणसांचे पुढे काय होणार हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. किल्ला निरुपयोगी ठरला की राखणदारही निरुपयोगी ठरला.

आता तारापूर. आज हे नाव उच्चारले की १९६९ साली सुरू झालेले, देशातील पहिले अणुवीज केंद्र आठवते, किंवा बोईसरची औद्योगिक वसाहत. उत्तर फिरंगाणच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने जानेवारी १७३९ मध्ये माहीम, शिरगाव, डहाणू हे कोट घेतले, आणि तारापूरही त्याच महिन्यात पडले. तारापूरचा तट सुरुंगाने फोडावा लागला आणि आतल्या शिबंदीने कडवी झुंज दिली. बाजी भिवराव रेठरेकर तेथेच पडले. थोरल्या बाजीरावांनी त्यांच्या आईला लिहिलेले सांत्वनाचे पत्र मराठी पत्रवाङ्मयातील अत्यंत हृद्य पत्रांपैकी आहे. पुढे मे महिन्यात वसई शरण आली. पुढील काळात तारापूरचा कोट विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थांकडे इनाम गेल्याची नोंद गॅझेटियरमध्ये मिळते. आजही तो खासगी मालकीत आहे. त्यामुळे पत्रातील गाव वाचून उत्साहाने निघालेला तरुण बोईसरला लोकलमधून उतरतो, रिक्षाने तारापूरला पोहोचतो आणि तटाच्या बाहेरूनच परत फिरतो. बाहेर त्याला चार शब्द सांगणारे कोणी नसते.

अमेरिकेत अशा ठिकाणी रेंजर असतो. आपल्याकडे रेंजर म्हटले की वन खात्याचे वनक्षेत्रपाल, म्हणजे गावाकडचे 'रेंजरसाहेब', डोळ्यांपुढे येतात, म्हणून थोडे स्पष्ट करतो. तेथील राष्ट्रीय उद्यान सेवा १९१६ मध्ये स्थापन झाली. १९३३ मध्ये युद्ध खात्याकडील जुन्या रणभूमी आणि अनेक ऐतिहासिक स्थळे तिच्याकडे सोपवण्यात आली. तेव्हापासून गेटिसबर्गसारख्या रणभूमीवरही तीच सपाट काठाची टोपी दिसते जी अरण्यात दिसते. उन्हाळ्यात गर्दी वाढते तेव्हा हंगामी रेंजर नेमतात. त्यांत विद्यार्थी असतात, शिक्षक असतात. आधी त्यांचे प्रशिक्षण होते, मग ते लोकांपुढे उभे राहतात. फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ च्या आपल्या पुस्तकात या कामाचे मर्म सांगितले आहे. नुसती माहिती पुरवणे म्हणजे स्थळ उलगडून दाखवणे नव्हे, पाहणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्याशी ते कोठेतरी जुळले पाहिजे, हा त्याचा आशय. तेथील सारेच आदर्श आहे असे मी म्हणत नाही. पण हंगामी, पगारी, शिकवलेला राखणदार ही कल्पना आपण घ्यावी. ती आपल्या मेटकऱ्यापासून फार लांब नाही.

घ्यायला बोईसर ही उत्तम जागा आहे. येथील मुलांना शिकाऊ उमेदवारी ठाऊक आहे. आयटीआय झालेला मुलगा कारखान्यात जातो तेव्हा आधी हेल्मेट, मग सुरक्षेचे धडे, मग यंत्र, आणि महिन्याला विद्यावेतन. १९६१ च्या कायद्याने बसवलेली ही घडी आहे. काही वर्षे जुन्या यंत्राला हात लावण्याआधी एवढे शिकवतात, आणि काही शतके जुन्या तटावर आपण पहार देऊन कोणालाही चढवतो.

मग या शिकाऊ राखणदाराने मे महिन्यात शिकावे काय? सर्वांत आधी समुद्र. केळव्याचा पाणकोट ओहोटी साधूनच पाहावा लागतो. भरतीचे गणित न कळणारा मार्गदर्शक लोकांना संकटात घालील, आणि ते गणित शिकवायला मांगेला किंवा कोळी घरातील आजोबांइतका चांगला गुरू नाही. त्यानंतर दगड आणि चुना. सिमेंट का चालत नाही, पडलेला दगड हलवण्याआधी त्याची जागा कशी नोंदवायची, एकाच कोनातून दरमहा छायाचित्र कसे काढायचे. केळव्याचा भुईकोट वाळूत बुडाला होता आणि स्थानिक तरुणांनी श्रमदानाने तो मोकळा केला. त्या मेहनतीला माझा नमस्कार. पण वारा थांबलेला नाही, वाळू पुन्हा येते. ती दरवर्षी किती येते याची वही कोणीतरी ठेवायला हवी. कायदाही थोडा शिकावा. वसईचा किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली, १९५८ च्या कायद्याखाली येतो. दुसरीकडे मालकी खासगी असू शकते, तिसरीकडे वन खात्याची. परवानगी कोणाची घ्यायची हे ठाऊक नसले की चांगले कामही अतिक्रमण ठरते.

सर्वांत अवघड धडा मात्र सांगण्याचा आहे. वसईच्या किल्ल्यात तुमच्यापुढे दोन मुलगे उभे आहेत असे समजा. एक पुण्याहून आलेला, चिमाजी अप्पांच्या विजयाने भारलेला. दुसरा वसईतल्याच ख्रिस्ती घरातला, ज्याच्या घरचे लोक किल्ल्यातल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या चर्चमध्ये जातात. गोन्सालो वसईचेच. १५९७ मध्ये ते जपानात नागासाकी येथे हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. या दोघांनाही १७३९ एकाच वाक्यात सांगता आली पाहिजे, धर्मछळ न लपवता आणि समोरच्याला परका न ठरवता. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील १७२१ साल कोरलेली घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून सांगितली जाते. ती कोणासाठी ओतली गेली होती हेही त्याच गोष्टीत यायला हवे. समाजमाध्यमांवरील जयघोषाला हे जमत नाही. माझ्या जुन्या धाग्यांनाही नेहमी जमलेले नाही, हे मान्य करतो.

'पैसे आले की निष्ठा जाते' हा आक्षेप मला नेहमी ऐकवतात. मोहिमेला येणाऱ्यांकडे पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. ज्यांना सुट्टीत कमवावे लागत नाही तेच प्रामुख्याने येतात. कोटाच्या सावलीत वाढलेली भंडारी, वाडवळ, मांगेला, वारली घरांतील मुलगी मे महिन्यात मासळीच्या किंवा वाडीच्या कामाला असते, नाहीतर कारखान्यात ठेकेदाराकडे. तिला विद्यावेतन दिले तर ती येईल, आणि मोहीम संपल्यावर ती मुंबईला परतणार नाही, कारण तिचे घर तेथेच आहे. पिंपळाचे बोटभर रोप तिलाच दिसेल. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पालघरचा त्यांत एकही नाही. मोठा निधी मोठ्या नावांकडेच जाईल. म्हणून येथे आरंभ लहान असावा. एक महाविद्यालय, एक ग्रामपंचायत, एक कोट, पाच उमेदवार, सहा आठवडे.

शिरगावचा कोट मला त्यासाठी योग्य वाटतो. आटोपशीर आहे, गावाला लागून आहे, तट-बुरुज बरेच उभे आहेत, आणि आत फांद्या फुटलेला तो ताड आहे, ज्याच्यापाशी मुले हमखास थांबतात. तुमच्यापैकी कोणी शिरगाव, केळवे किंवा माहीमच्या तटाची छायाचित्रे वर्षागणिक काढून ठेवली असतील तर मला पाठवा. आम्ही ज्या बुरुजाचे दगड पाडले त्याची पाच वर्षांची नोंद माझ्याकडे आहे, ती पुढच्या धाग्यात जशीच्या तशी देईन.