थंडीतली ऊब आणि बंद खिडक्या

खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठू लागते. डिसेंबरात एखाद्या सकाळी बाटली उलटी केली आणि तेल हललेच नाही, की कल्याण-डोंबिवलीच्या घरांत थंडी आल्याची वर्दी मिळते. ठाण्याला खाडी जवळ असल्याने पारा फारसा उतरत नाही. समुद्रापासून दूर कल्याण, बदलापूरकडे जावे तशी रात्र गार होत जाते. बदलापूरला काही पहाटे 10-11 अंशही असतात. ज्यांचे माहेर उत्तर प्रदेशातले, त्या भगिनी हसतात, “ही कसली थंडी!” पण त्यांच्या माहेरी थंडीची तयारी असते. आपल्याकडे माळ्यावरून एक गोधडी काढली की तयारी संपली.

ती गोधडी काढल्या काढल्या पांघरू नका. चार महिन्यांच्या पावसात तिने ओल धरलेली असते, बुरशीचा वास असतो. पहिल्याच रात्री घरात शिंका आणि दमा सुरू होतो, आणि दोष थंडीला जातो. गोधड्या, रजया दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, काठीने झोडपा, मगच अंथरुणात घ्या. लहान मुलांना एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ सुती कपडे एकावर एक घातलेले बरे. पायमोजे आणि कानटोपी असली की निम्मे काम झाले.

आता मुख्य गोष्ट. थंडी पडली की आपण पहिल्यांदा काय करतो? खिडक्या लावून घेतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात जाळ वाढतो, तो म्हणजे गॅस गीझर, कोळशाची शेगडी, लोबान, मच्छरची कॉइल. बंद जागेत हवा कमी पडली की जाळातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, हातपाय गळतात. माणसाला वाटते पित्त झाले, आणि दार उघडण्याचेही बळ उरत नाही. हिवाळ्यात न्हाणीघरात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

आपल्या घरांत हा धोका जास्त, कारण न्हाणीघर म्हणजे जेमतेम चार बाय चारची खोली. पाणी ठरावीक वेळेला येते, म्हणून पाच-सहा माणसे ओळीने आंघोळ उरकतात आणि गीझर तासभर जळत राहतो. वाफ जाऊ नये म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला! शेवटी आत जाणाऱ्याच्या वाट्याला सगळी साचलेली हवा येते, आणि ती बहुतेक घरातली सूनच असते.

गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवून घ्या. ते होईपर्यंत आधी बादली भरा, गीझर बंद करा, दार थोडा वेळ उघडे ठेवा, मग आंघोळीला जा. तो पुठ्ठा आजच काढून टाका. म्हाताऱ्या माणसांनी आतून कडी लावू नये. हाक मारून उत्तर आले नाही तर दार तोडा, त्यांना उघड्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले आणि बाहेर पडताच थांबले, तर ते पित्त नव्हे. दवाखान्यात तसे स्पष्ट सांगा.

शेगडीचे निखारे राखेखाली मंद झाले तरी हा वायू सोडतच राहतात. बाळंतिणीला शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून द्या आणि झोपण्याआधी शेगडी घराबाहेर काढा. डोंबिवलीच्या एमआयडीसीलगतच्या भगिनी म्हणतील, रात्री खिडकी उघडली की रसायनांचा वास येतो. त्यांची तक्रार खरी आहे. थंडीत हवा जमिनीलगत कोंडते, तेव्हा तो वास अधिक जाणवतो. अशा रात्री घरात काहीच जाळू नका, मच्छरदाणी लावा, आणि दिवसा ऊन वर आल्यावर घर मोकळे करा.

फजरच्या वुजूसाठी ज्येष्ठांना कोमट पाणी द्या, लगेच टॉवेलने हातपाय पुसून द्या. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, त्यामुळे मशिदीत जाताना काळोख आणि गारठा दोन्ही असतात. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी डोके-छाती झाकूनच निघावे. पूर्ण वुजू करून घातलेल्या चामडी मोज्यांवर घरी राहणाऱ्याला एक दिवस-एक रात्र मसह करण्याची सवलत आहे, ती वापरायला संकोच कशाला? मधुमेह असलेल्यांच्या पायाला गरम पाण्याची पिशवी थेट लावू नका. त्यांना चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. आधी अंथरूण गरम करा, मग पिशवी काढून घ्या.

खाण्यात नवे काही आणायला नको. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, डिंकाचे लाडू, रात्री पायाची यखनी हे सगळे आपल्या घरात आहेच. यखनीवरची चरबी गार झाल्यावर काढा, आणि रक्तदाबवाल्यांची वाटी मीठ घालण्याआधीच वेगळी करा. खोकल्याला आले-मध चालते, मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नये, मग दादी कितीही आग्रह करोत.