न पुसलेला सूर्य

खगोलावरची व्हिडिओकला म्हटलं की डोळ्यांसमोर येतात जांभळे तेजोमेघ आणि मागे संथ सिंथेसायझर. अशी ॲनिमेशन ढिगानं आहेत. बहुतेक डोळ्यांना सुखावतात आणि विसरली जातात. लक्षात राहिली ती मात्र ‘ब्रिलियंट नॉइज’ ही २००६ ची कृष्णधवल फिल्म.

‘सेमीकंडक्टर’ या नावानं काम करणाऱ्या रूथ जार्मन आणि जो गेरहार्ट या ब्रिटिश जोडीची ही फिल्म. उपग्रहांनी टिपलेल्या सूर्याच्या हजारो प्रतिमा त्यांनी संग्रहातून काढल्या, त्याही साफसफाई होण्याआधीच्या. एरवी आपल्यापर्यंत पोचणारा केशरी सूर्य रंगवून-पुसून आलेला असतो. इथं कॅमेऱ्यावर आदळलेल्या ऊर्जाभारित कणांचे ठिपके आणि ओरखडे तसेच राहिले आहेत, आणि सौरज्वाला त्या गदारोळातूनच उसळतात. शास्त्रज्ञ ज्याला कचरा समजून गाळतात, त्यातच उपकरणाची धडपड दिसते. मला तर सूर्याइतकीच तीही पाहावीशी वाटली.

ध्वनीही वरून चिकटवलेला नाही. सूर्याच्या रेडिओलहरींचा आवाज चित्राच्या उजेडानुसार चढतो-उतरतो. म्हणून फिल्म बघाल तेव्हा आवाज बंद ठेवू नका.