एक रांग, पण एकी कुठे?

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. रायगडचा किनारा महानगराच्या अधिक जवळ आला आणि त्याच वाटेने महानगराची बाजारपेठही आपल्या दाराशी येऊ पाहत आहे. २००२ साली पवईत पहिले दुकान थाटणाऱ्या डी-मार्टची मार्च २०२५ अखेर देशभरात ४१५ दुकाने झाली होती. किनाऱ्यावरील प्रत्येक मोठ्या गावापुढे आज ना उद्या प्रश्न उभा राहणार आहे: किराण्याचे असे भव्य दुकान आले तर त्याचे स्वागत करावे की त्याला विरोध?

स्वागत करणाऱ्यांचा एक युक्तिवाद मोठा मोहक आहे. ते म्हणतात, आपली गावे दुभंगलेली आहेत. कोळीवाडा वेगळा, आगरी आळी वेगळी, मोहल्ला वेगळा, ख्रिस्ती पाडा वेगळा. कुठे वाद पेटला की 'अमक्याच्या दुकानाची पायरी चढू नका' अशी कुजबुज सुरू होते. मोठ्या दुकानाला ना जात, ना धर्म. तेथे सारे एकाच रांगेत उभे राहतात.

यातील सत्यांश आम्ही नाकारत नाही. तेथील स्वस्ताईही फसवी नव्हे. घाऊक खरेदी आणि पुरवठादारांना तत्पर पैसे चुकते करणे यांतून ती येते. बंद पाकीट, छापील किंमत आणि चोख वजन यांचे मोल गरीब गृहिणीला आम्ही सांगण्याची गरज नाही. परंतु एका रांगेत उभे राहणे म्हणजे एक होणे, हे मात्र आम्हाला मुळीच मान्य नाही. जेरुसलेमजवळ अटारोट येथे २०१९ साली रामी लेवी या साखळी दुकानांच्या मालकाने व्यापारी संकुल उघडले. ज्यू आणि पॅलेस्टिनी दोघेही तेथे खरेदी करू लागले. मालकाने त्याला सहजीवन म्हटले, तर पॅलेस्टिनी दुकानदारांना आपल्या पोटापाण्याची धास्ती वाटली. रांग एक झाली, म्हणून तंटा मिटला का?

याउलट आपल्याच किनाऱ्याचा इतिहास पाहा. अलिबाग, नवगाव, रेवदंडा या भागांतील बेने इस्राएली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शब्बाथाच्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शेजाऱ्याचा विश्रामदिन कोणता, हे साऱ्या गावाला तेलाच्या भांड्याने शिकविले! विक्रेता आणि ग्राहक एकमेकांना नावाने ओळखत होते, म्हणूनच हे घडले. यंत्रावर पैसे घेऊन पावती फाडणाऱ्या व्यवहारात अशी ओळख कोठून व्हावी?

आणि उधारीचे काय? जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत अनेक कोळी घरांची चूल वाण्याच्या वहीवर पेटते. वाणी एका धर्माचा, घर दुसऱ्या धर्माचे; तरी नारळी पौर्णिमेनंतर पैसे येतील या विश्वासावर तांदूळ-तेल दिले जाते. दुभंगलेल्या गावाला शिवणारा हा धागा आहे. मोठे दुकान रोखीने चालते. हातात पैसे असताना आपण तेथे जायचे आणि पावसाळ्यात मात्र वहीसाठी वाण्याच्या दारी उभे राहायचे, हा न्याय कुठला? अशाने तो वाणी किती वर्षे तग धरील?

मात्र विरोधाच्या आडून जातीधर्माचे विष कालविणाऱ्यांनाही आमचा तितकाच निषेध आहे. 'आपल्या माणसाकडूनच घ्या' ही हाक गावाची नव्हे, गटाची आहे. दुकानदारांनीही स्वतःला तपासावे. खोटे माप, भेसळ आणि उधारीच्या नावाखाली वाढवलेले भाव यांनीच ग्राहकाला परक्या दाराकडे ढकलले आहे.

मग उपाय कोणता? सहकार. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे २८ जणांनी स्वतःचे दुकान काढले. १९२८ नंतर कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्यावर फादर मोझेस कोडी यांनी कोळ्यांना अभ्यासमंडळांतून सहकारी दुकाने आणि पतसंस्था उभारायला शिकविले. दूर कशाला, आपल्या वसईकर बांधवांनी १९१८ साली बसीन कॅथॉलिक बँक स्थापून शतकाचा पल्ला गाठला. आमचे म्हणणे इतकेच की रायगडच्या ग्राहक संस्थेचे दार केवळ धर्मग्रामापुरते नसावे. कोळीवाडा, आगरी आळी, मोहल्ला आणि पाडा यांचे भागभांडवल एकत्र यावे. माल एकगठ्ठा घ्यावा, तोच माल गावातील लहान दुकानदारांनाही रास्त दराने द्यावा आणि पावसाळी उधारीची शिस्तबद्ध सोय करावी.

धर्मग्राम मंडळांनी पुढाकार घेऊन पहिली सभा बोलवावी. ती देवळाच्या आवारात न घेता गावाच्या मध्यावर घ्यावी. आणि प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी करावे, की सभेला जाण्यापूर्वी वाण्याच्या वहीतील आपली बाकी चुकती करावी.